पोलादाचे पंचांग

पंचांग उघडले म्हणजे त्यात एकादश्या सापडतात, संकष्ट्या सापडतात, ग्रहणांच्या वेळा आणि विवाहाचे मुहूर्त सापडतात. लोखंडाची तिथी मात्र कोणत्याही पंचांगात दिलेली नसते. तरीही नागपूरपासून पूर्वेकडे, गोंदिया-राजनांदगाव ओलांडून दुर्ग आणि भिलाई या जोडनगरांकडे जाणाऱ्या माणसाने तिकडच्या इतिहासातील दिनांक एका कागदावर मांडून पाहिले, तर त्याला एक नवल आढळून येईल. त्यांतील बरेचसे दिनांक फेब्रुवारी महिन्यात येतात.

१ फेब्रुवारी १८९१ रोजी बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर ते आसनसोल हा मुख्य मार्ग मालवाहतुकीसाठी खुला झाला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी एका भूवैज्ञानिकाने जमशेटजी टाटांना एक पत्र लिहिले आणि भारतीय पोलादाचे जन्मस्थान बदलले. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकची येथे पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्यासंबंधीचा करार भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात झाला. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते रूरकेला येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीस, त्यांच्याच हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे. मुंबईकरांना हवा असल्यास आणखी एक दिनांक याच सप्ताहात सापडेल : ३ फेब्रुवारी १९२५, ज्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला अशी या देशातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी धावली.

या योगायोगात कोणी ग्रहगोलांचा हात शोधू नये. मध्य भारतात पावसाळा संपून चिखल वाळला, थंडी ओसरू लागली आणि उन्हाचा कडाका अद्याप दूर असला, म्हणजे बांधकामाची कामे पुरी होतात व थोरामोठ्यांचे दौरे निघतात. परंतु दिनांकांची ही रांग एका दृष्टीने उपयोगी आहे. तिच्या आधाराने चालत गेले असता एक जुनी गोष्ट उलगडते, आणि तिचा आरंभ विदर्भाच्या भूमीवर होतो.

नागपूर शहरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीस त्याच दिवशी भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते. त्यावरून गिरणीस हे नाव मिळाले. कापसाच्या धंद्यासाठी नागपूरला येणे-जाणे असलेल्या या गृहस्थांच्या हाती १८८२ मध्ये फॉन श्वार्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल पडला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि तेथून फारशा दूर नसलेल्या वरोरा येथे दगडी कोळसा आहे, असे त्यात म्हटले होते. खनिज आणि कोळसा एकाच जिल्ह्यात! जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. निष्कर्ष निराशाजनक निघाला; तो कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता. शिवाय खाणींविषयीचे त्या काळचे सरकारी नियम एवढे जाचक होते की कोणी भांडवलदार त्या वाटेस जाऊ नये. विषय तेथेच थांबला, परंतु जमशेटजींच्या मनातून तो गेला नाही.

येथे भट्टीला साधा कोळसा का चालत नाही, हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढील साऱ्या कथेची किल्ली त्यातच आहे. लोहखनिज म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचा संयोग. त्या संयोगातून प्राणवायू काढून घेतल्याशिवाय लोखंड मोकळे होत नाही. झोतभट्टी हा एक उंच, आतून अग्निविटांनी मढविलेला मनोरा असतो. वरून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकीत जायचे आणि खालून तप्त हवेचा झोत सोडायचा. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. तो वर चढताना खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो. वितळलेले लोखंड तळाशी साचते आणि चुनखडीने ओढून घेतलेली घाण मळीच्या रूपाने त्यावर तरंगते. या व्यवहारात कोक नुसता जळत नाही. वरच्या शेकडो टनांचा भार तो आपल्या अंगावर पेलतो, आणि त्याच्या तुकड्यांमधील फटींतूनच वायूला वर जाण्यास वाट मिळते. जो कोळसा तापवला असता भुगा होतो, तो हे काम करू शकत नाही. कोक देणारा कोळसा झरियाच्या खाणींत होता, वरोऱ्यास नव्हता. एक टन लोखंडासाठी दीड-पावणेदोन टन खनिज लागते आणि त्या काळी कोकही जवळजवळ टनभर लागे. म्हणून पोलादाचा कारखाना कोठे उभारावा हा प्रश्न अखेर ओझी वाहण्याचा प्रश्न ठरतो.

नंतर १८९९ मध्ये खाणींचे नियम सैल करण्यात आले. जमशेटजी अमेरिकेस गेले, चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्यास त्यांनी गाठले, आणि पेरिनने सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकास पुढे पाठविले. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि त्यांचे आप्त शापूरजी सकलातवाला ही मंडळी चांद्याच्या रानात हिंडली. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण थोडे होते. मोठ्या कारखान्याची भूक त्याने भागण्यासारखी नव्हती. याच सकलातवालांनी पुढे इंग्लंडला जाऊन साम्यवादाचा स्वीकार केला आणि १९२२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झाले. रानावनात टाटांसाठी खनिज शोधणारा हा माणूस, आणि त्याच्या पायाखालच्या मुलखात अर्धशतकाने सोव्हिएट अभियंत्यांनी उभारलेला कारखाना, या दोहोंचा कार्यकारणसंबंध काही नाही. केवळ गंमत म्हणून ध्यानात ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे.

चांद्याचा शोध संपला हे सांगण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्यास भेटायचे ते जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरचे लोक ज्याला आजही अजब बंगला म्हणतात, ते १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय ते हेच. तेथे मध्य प्रांताचा एक भूवैज्ञानिक नकाशा टांगलेला होता, आणि त्यात दुर्गच्या मुलखावर लोहखनिजाच्या खुणेचा गडद रंग चढविलेला होता. कचेरीत साहेब भेटले असते तर हा नकाशा त्या दिवशी दृष्टीस पडला नसता! दोराबजी आणि वेल्ड तिकडे निघाले. ढल्ली आणि राजहरा नावाच्या टेकड्या चढू लागले तेव्हा पायांखाली धातूवर चालल्यासारखा नाद उठत होता, असे त्या सफरीचे वर्णन जमशेटजींच्या चरित्रात आले आहे. खनिजात शेकडा साठांहून अधिक लोह होते. जगातील उत्कृष्ट खनिजांत त्याची गणना व्हावी, अशी त्याची प्रत होती.

हा रंग नकाशावर चढविला होता प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीने. त्यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधील गाइपूर या गावी झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते १८७४ मध्ये विलायतेस गेले व १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त यांचे ते जामात. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहखनिजासंबंधीचा त्यांचा वृत्तांत १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ मध्ये झाला, त्यापूर्वी हा भाग रायपुरात मोडत असे. योगायोग असा, की त्याच १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची स्थापना झाली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे नावाचा, राजनांदगावपर्यंत जाणारा अरुंद मार्ग तिने आपल्याकडे घेतला, तो रुंद केला आणि पूर्वेकडे पुढे नेला. खनिजाची नोंद आणि ते खनिज वाहून नेऊ शकेल असा लोहमार्ग, दोहोंची नांदी एकाच वर्षी झाली. मात्र त्या वेळी एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

बोस यांची सरकारी नोकरी सन्मानाने संपली नाही. खात्याच्या प्रमुखपदी त्यांना डावलून, सेवेने दहा वर्षे कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांची नेमणूक झाली. बोस यांनी १९०३ मध्ये राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानात नोकरी धरली. तेथे गोरुमहिषाणीच्या डोंगरात त्यांना लोहखनिजाचा प्रचंड साठा सापडला. त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिले. तेच हे २४ फेब्रुवारी १९०४ चे पत्र. जमशेटजी त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीत निवर्तले. कारखाना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु मयूरभंजचे खनिज झरियाच्या कोळशाला जवळ होते, आणि दुर्गचे दूर. दुर्गच्या मुलखात भट्टीयोग्य कोळसा नाही, ही अडचण वेल्डला आधीच दिसली होती. पारडे फिरले. कारखाना साकचीला झाला, जिचे पुढे १९१९ मध्ये जमशेदपूर असे नामांतर झाले.

म्हणजे ज्या माणसाच्या नकाशाने टाटांना दुर्गकडे आणले, त्याच माणसाच्या पत्राने त्यांना दुर्गपासून दूर नेले. राजहऱ्याच्या टेकड्या पुन्हा पन्नास वर्षे जशाच्या तशा उभ्या राहिल्या. बोस १९३४ मध्ये वारले. त्यांची जन्मशताब्दी १९५५ मध्ये आली, आणि नेमक्या त्याच वर्षी भिलाईचा करार झाला. कराराच्या तारखेस त्यांच्या शताब्दीस पुरते साडेतीन महिनेही उरले नव्हते. शताब्दीसाठी याहून समर्पक समारंभ कोणत्याही समितीला योजता आला नसता. तो कोणीही योजिला नव्हता, हेच त्यातले विशेष.

स्वातंत्र्यानंतर सरकारी क्षेत्रात पोलादाचे तीन कारखाने निघाले. रूरकेला जर्मनांच्या साहाय्याने, दुर्गापूर इंग्रजांच्या साहाय्याने आणि भिलाई रशियनांच्या. दहा लक्ष टन पोलादाच्या या कारखान्यासाठी सोव्हिएट सरकारने जे कर्ज दिले त्याचा व्याजाचा दर शेकडा अडीच होता. परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत आणि रुपयांत करावयाची होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला यातील शेवटची अट फार मोलाची होती. केंद्रीय अर्थमंत्रिपदावर त्या वेळी चिंतामणराव देशमुख होते. दुर्ग जिल्हा त्या वेळी ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. कारखाना भिलाईलाच व्हावा म्हणून शुक्लांनी फार खटपट केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला हलली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी शुक्ल दिवंगत झाले. २००० सालच्या १ नोव्हेंबरला छत्तीसगड वेगळे झाले. करार एका राज्यात झाला, भट्टी दुसऱ्या राज्यात पेटली आणि आज कारखाना तिसऱ्या राज्यात आहे; जागा मात्र तसूभरही हललेली नाही.

मराठी माणसाला या मुलखाची ओळख करारानंतर झाली असे नाही. भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरल्या तेव्हा दुर्ग येथील मातीच्या किल्ल्याशी त्यांचा तळ होता. बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून १७५८ ते १७८७ पर्यंत कारभार पाहिला. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढील वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला धावली होती. तेव्हापासून रायपूर-दुर्ग-राजनांदगावकडे स्थायिक झालेल्या जुन्या मराठी घराण्यांच्या जोडीला १९५५ नंतर विदर्भातून नोकरीसाठी आलेली नवी कुटुंबे येऊन मिळाली. सेक्टरांच्या वसाहतीत, पलीकडे दुर्गच्या मोहन नगरासारख्या वस्त्यांत, घरात मराठी, अंगणात छत्तीसगडी आणि कामावर हिंदी अशा तीन भाषा एकाच दिवसात बोलणारी पिढी वाढली. काही वर्षे त्यांत चौथी भाषा रशियन होती. तिचे अवशेष वयोवृद्ध कामगारांच्या बोलण्यात कोठे कोठे सापडत असतील.

भिलाईस पाठविलेले रशियन मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स हे मोठे कर्तबगार गृहस्थ होते. माग्नितोगोर्स्क येथील प्रचंड पोलाद कारखान्याच्या उभारणीचा आणि युद्धात उद्ध्वस्त झालेला झापोरोझ्येचा कारखाना पुन्हा उभा करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पुढे ते सोव्हिएट संघाचे उपपंतप्रधान झाले. त्यांच्या समोर भिलाईत जे होते ते असे : खनिज दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवर राजहऱ्याला, चुनखडी जवळच नंदिनीला, डोलोमाइट बिलासपूरकडे हिर्री येथे, मँगनीज बालाघाट-भंडाऱ्याच्या पट्ट्यात, पाणी तांदुळा जलाशयाचे, आणि कोक बनविण्याचा कोळसा मात्र दूरच्या झरिया-बोकारोहून. वेल्डला जी अडचण दिसली होती ती नाहीशी झाली नव्हती. फरक एवढाच की मधल्या काळात लोहमार्ग पक्का झाला होता आणि कोळसा आणणाऱ्या वाघिणी इतर माल घेऊन परत जाऊ शकत होत्या. १८९१ च्या १ फेब्रुवारीचे महत्त्व येथे समजते. तो मार्ग नसता तर १९५९ ची ४ फेब्रुवारीही नसती.

पहिल्या भट्टीचे अंतर्गत आकारमान १०३३ घनमीटर होते. १९५९ च्या ऑक्टोबरात पोलाद निघू लागले. १९६० च्या ऑक्टोबरात पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते रूळ आणि बांधकामाचे पोलाद तयार करणाऱ्या गिरणीचे उद्घाटन झाले. १९६१ पर्यंत दहा लक्ष टनांची मूळ योजना पुरी झाली, १९६७ मध्ये ती पंचवीस लक्षांवर गेली आणि १९८८ मध्ये चाळीस लक्षांवर. आकडे येथे थांबवून रुळांकडे वळलेले बरे, कारण भिलाईचे खरे नाव रुळांवर कोरलेले आहे.

बोरीबंदर-ठाणे मार्गाचे रूळ विलायतेहून जहाजांतून आले होते. साकचीच्या कारखान्याने आपले रूळ देण्यास आरंभ केला आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत ते पोहोचविले. परंतु साऱ्या देशाची गरज भागविण्याचे काम भिलाईने हाती घेतले, आणि कित्येक दशके भारतीय रेल्वेस लागणारे रूळ बहुतांशी याच एका कारखान्यातून येत राहिले. जुना रूळ तेरा मीटर लांबीचा असे. म्हणजे किलोमीटरभर अंतरात एका बाजूच्या रुळाला सुमारे सत्याहत्तर सांधे. रात्रीच्या प्रवासात ज्या ठेक्यावर मुले झोपी जात, तो ठेका या सांध्यांचा. सांध्यापाशी चाक आदळते, रुळाचे टोक झिजते, खालची खडी सैल होते, गाडीचा वेग रोखावा लागतो. यावर उपाय एकच, सांधे कमी करावयाचे. भिलाईने कारखान्यातच रूळ जोडून दोनशे साठ मीटरांचे अखंड पट्टे धाडण्यास सुरुवात केली. आता किलोमीटरात चार सांधेही उरले नाहीत. एवढा लांब पोलादी पट्टा एकापुढे एक जोडलेल्या वाघिणींवर ठेवून नेतात. गाडी वळणावर आली की तोही वेताच्या छडीसारखा तिच्याबरोबर वळतो. पोलाद ताठ असते, ही समजूत हे दृश्य पाहिल्यावर उरत नाही. एका मीटरला साठ किलो या हिशेबाने किलोमीटरभर लोहमार्गाच्या दोन रुळांत १२० टन पोलाद बसते. यावरून राजहऱ्याची टेकडी कोठे गेली याचा अंदाज करता येतो. ती देशभर अंथरली गेली.

येथपर्यंतचे दिनांक समारंभाचे आहेत. त्यांच्यासाठी मांडव पडतात, फलक लागतात. परंतु ज्या भूमीवर कारखाना उभा राहिला तिच्याजवळ दुसरेही दिनांक आहेत, आणि ते सोडून दिल्यास हे पंचांग खोटे ठरेल.

कारखान्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. भिलाई हे स्वतः एक लहान खेडे होते. रिसाली, मरोदा, रुआबांधा ही गावांची नावे आज वसाहतीच्या सेक्टरांना आहेत. नावे राहिली, गावे गेली. एखाद्याने आपल्या पत्त्यात रिसाली सेक्टर असे लिहिले म्हणजे तो नकळत एका नांगराची आठवण लिहीत असतो. या विस्थापनाचा दिवस कोणता मानावा? तो एक दिवस नव्हताच. म्हणून त्याचा समारंभही नाही.

खाणींत काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांवर हजारो स्त्री-पुरुष कंत्राटदारांच्या हाताखाली पहार आणि घण घेऊन खनिज फोडीत. ज्या कारखान्यात नोकरीची शाश्वती, घर, रुग्णालय आणि शाळा होत्या, त्याच कारखान्याचे खनिज फोडणाऱ्या या माणसांना यांतले काहीही नव्हते. १९७७ मध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी हे एके काळी भिलाईच्या कोक भट्टीवर काम करणारे कामगार. त्या वर्षीच्या २ आणि ३ जून रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अकरा जण मरण पावले. त्यांत स्त्रीही होती आणि लहान मुलगाही. खाण-कामगार ३ जून पाळू लागले. १९८३ मध्ये याच दिवशी त्यांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून उभारलेले शहीद रुग्णालय सुरू केले. एखाद्या दुःखद तिथीला दवाखान्याचा जन्मदिवस करून टाकणे, ही कल्पना ज्यांना सुचली ती माणसे अक्षरशत्रू म्हणून गणली जात होती, हे नमूद केलेच पाहिजे.

यंत्रांविषयी या कामगारांचे म्हणणे सरसकट नकाराचे नव्हते. खाणीचे पूर्ण यंत्रीकरण केल्यास हजारोंची भाकरी जाईल. तेव्हा जे काम हातांनी नीट होते ते हातांनी व्हावे आणि जे जड व धोक्याचे आहे ते यंत्राने व्हावे, अशी अर्ध-यंत्रीकरणाची योजना त्यांनी स्वतः पुढे केली. अभियांत्रिकीच्या इतिहासात अशा योजनांना क्वचितच स्थान मिळते. ते मिळाले पाहिजे, कारण यंत्र कोठवर आणावे हाही अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे नियोगी भिलाईत आपल्या घरी झोपले असताना त्यांची हत्या झाली.

कारखान्याच्या आतलेही काही दिनांक आहेत. १२ जून २०१४ रोजी पाण्याच्या पंपगृहाशी बिघाड होऊन वायू उलटा आला आणि सहा जण प्राणास मुकले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. तो वायू म्हणजे वर सांगितलेला कार्बन मोनॉक्साइडच. त्याला रंग नाही, वास नाही. जो वायू खनिजातून प्राणवायू काढून घेतो म्हणून पोलाद होते, तोच माणसाच्या रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या विभागातील वायुवाहिनीपाशी स्फोट होऊन आणखी कामगार दगावले. दर वर्षी १७ सप्टेंबरला कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा होते. हत्यारांना गंधफूल वाहणारा कामगार त्या वेळी काय मागत असेल, हे या दोन दिनांकांवरून उमगते.

२०१८ चा उल्लेख झाला, तर त्याच वर्षाचा एक फेब्रुवारी महिन्यातला दिनांकही सांगितला पाहिजे. करारास त्रेसष्ट वर्षे झाली त्याच दिवशी, २ फेब्रुवारी २०१८ रोजी, आठवी झोतभट्टी पेटविण्यात आली. तिचे आकारमान ४०६० घनमीटर, पहिल्या भट्टीच्या जवळजवळ चौपट. वर्षाला सुमारे २८ लक्ष टन लोखंड देण्याची तिची योजना. सारा कारखाना मिळून पहिल्याने जेवढे पोलाद द्यावयाचे ठरले होते, त्याच्या पावणेतीनपट लोखंड ही एकटी देणार! रूरकेल्याच्या पहिल्या भट्टीचे नाव पार्वती. भिलाईच्या या भट्टीचे नाव महामाया. रतनपूरला जिचे प्राचीन मंदिर आहे आणि जिच्या सावलीत बिंबाजी भोसल्यांची राजधानी होती, तिचेही नाव महामायाच. पोलादाचे तंत्र रशियातून आले, जर्मनीतून आले, पण भट्टीचे बारसे करताना सर्वांना देवीच आठवली.

एवढ्या मोठ्या भट्टीला खनिज कोठून आणायचे? राजहऱ्याच्या टेकड्या साठ वर्षांच्या खोदकामाने उतरल्या आहेत. दोराबजींच्या पायांखाली जेथे नाद उठला, तेथे आता पायऱ्यापायऱ्यांचे खोल खड्डे आहेत. पुढचा साठा त्याहून दक्षिणेस, बस्तरच्या बाजूस रावघाटच्या डोंगरात आहे, आणि तो आणण्यासाठी दल्ली-राजहऱ्याहून सुमारे पंचाण्णव किलोमीटरचा लोहमार्ग घातला जात आहे. २०२२ मध्ये प्रवासी गाडी अंतागढपर्यंत पोहोचली. त्या मार्गाच्या दोहो बाजूंस साल वृक्षांचे रान आहे आणि गोंडांची गावे आहेत. रिसाली आणि मरोदा येथे काय झाले, हे त्या गावांतील वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचले असल्यास नवल नाही. नवा मार्ग त्यांच्या शेतांजवळून जातो, आणि त्यावर अंथरलेला रूळ भिलाईचा आहे.